जोड

वाचकहो, दर आठवड्याला या पानावर मी एखादा मराठी शब्द घेऊन बसते आणि त्याची साल काढते, हे एव्हाना आपल्या अंगवळणी पडले असेल. दिवाळी अंकासाठी संपादकांनी नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आणि वर सांगितले, “या वेळी व्याकरण कमी आणि घर जास्त येऊ द्या.” मी ‘जोड’ हा शब्द निवडला, त्यात दोन्ही भागले. जोडवी, जोडपे, जोडाक्षर, जोडधंदा; शिवाय दाराबाहेर काढून ठेवतो ते जोडेही. वर्गात मी हा शब्द वीस वर्षे शिकवीत आले आहे. पण गेल्या भाऊबीजेला तो कागद होऊन माझ्यासमोर आला आणि त्यावर माझी सही मागू लागला, तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला पुरता ठाऊक नाही हे ध्यानात आले.

माझे माहेर कासारसाईचे. मुळशी तालुक्याच्या या टोकाला आमच्या लहानपणी भात हेच पीक आणि भात हेच बोलणे. पुढे धरणाचे पाणी आले, उसाचे मळे दिसू लागले, संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचे धुराडे आमच्या क्षितिजावर उभे राहिले. आता हिंजवडी ओलांडून मारुंजी-नेरेमार्गे जाताना काचेच्या इमारती कुठे संपतात आणि खाचरे कुठे सुरू होतात हे दरवर्षी नव्याने शोधावे लागते. शनिवार-रविवारी धरणाच्या काठी तंबू ठोकून पुण्याची मंडळी चांदणे बघायला येतात. चांदण्याचे पैसे पडतात म्हणे. आमच्या वेळी ते फुकट होते.

वडिलांनी गावात भात भरडायची लहानशी गिरणी घातली होती. दादाने ती वाढवली. आसपासच्या शेतकऱ्यांचा भात विकत घेऊन, भरडून, पिशव्यांत भरून तो तांदूळ विकू लागला. पिशवीवर त्याने आमच्या आईचे नाव छापले. ते नाव इथे लिहीत नाही, नाहीतर भावाच्या मालाची जाहिरात केली म्हणून आपणच मला पत्रे पाठवाल. दोन जातींचा तांदूळ, इंद्रायणी आणि थोडासा आंबेमोहर. पाच, दहा आणि पंचवीस किलोंच्या पिशव्या. वर्षानुवर्षे एवढाच व्यवहार. पुण्यातली काही घरे दिवाळी झाली की वर्षाचा तांदूळ त्याच्याकडूनच भरतात.

तर गेल्या भाऊबीजेची गोष्ट. दादाला ओवाळले. त्याने ताटात पाकीट ठेवले. जेवणे झाली, पाने आली, आणि माझा भाचा एक निळी फाइल घेऊन समोर बसला. पोरगा व्यवस्थापन शिकून आलेला. तो म्हणाला, “आत्या, आपल्याला आता प्रॉडक्ट लाइन वाढवायची आहे.”

“मराठीत सांग,” मी म्हटले. सवयच ती.

“तांदळाला जोड द्यायची आहे. मोदकाचं तयार पीठ.”

कल्पना वाईट नव्हती. गिरणीत 100 किलो भात भरडला की धड तांदूळ साधारण 65 किलो निघतो. बाकीचा तूस, कोंडा आणि कणी. तूस जाळायला जातो, कोंडा गुरांना किंवा तेलाच्या कारखान्याला. कणी मात्र निम्म्या भावात विकावी लागते. तीच कणी दळली आणि अर्ध्या किलोच्या रंगीत पाकिटात घातली, तर तिचे तांदळाहून जास्त पैसे होतात. दळायचे यंत्र, चाळण, पाकिटे भरायचे यंत्र आणि वेगळी शेड मिळून 22 लाखांचा खर्च त्याने काढला होता. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2020 साली जी योजना आणली, तिच्यात 35 टक्के अनुदान होते, कमाल 10 लाखांपर्यंत. म्हणजे 7 लाख 70 हजार सुटत होते. उरलेल्यासाठी बँक, आणि बँकेला तारण म्हणून जमीन.

इथे मी येते. आमच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे. 2005 साली वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, हे आपण सारे जाणतोच. आमच्याकडे त्यावरून भांडण झाले नाही. माझे नाव लागले तेव्हा दादाने स्वतः तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून आणला होता. मी कधी वाटणी मागितली नाही, त्याने कधी हक्कसोड मागितली नाही. हिंजवडीमुळे आमच्या गावच्या गुंठ्याला जो भाव आला आहे तो पाहता ही दोन्ही माणसे वेडी असावीत असे आमच्या नातेवाइकांचे मत आहे.

कागद गहाणखताचा होता. दादा माझ्याकडे न बघता सुपारी कातरीत होता. तो एवढेच म्हणाला, “ताई, घाई नाही.” (मी धाकटी, पण घरात सगळे मला ताईच म्हणतात.) आमचे हे बँकेतले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर चष्मा पुसण्याचा अर्थ कळतो. मी म्हटले, “उद्या सकाळी बोलू.”

रात्री झोप लागेना. धंद्यातले मला काय कळणार? पण मराठी शिकवणाऱ्या बाईला एका धंद्याची कुळकथा ठाऊक असतेच, कारण ती आमच्या वाङ्मयाच्या इतिहासातूनच जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावला सायकलींचे दुकान काढले. त्यातून कडबा कापायचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर आला. नांगर ही आज आपल्याला किती साधी वस्तू वाटते! पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर दोन वर्षे विकले गेले नाहीत. 1910 साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे पंप आले, लोखंडी फर्निचर आले. आणि 1920 साली कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांना कळावी म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते पत्रक वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले आणि आमच्या आज्यांच्या पिढीने ते उशाखाली ठेवून वाचले. नांगराच्या जाहिरातीला फुटलेल्या फांदीखाली अर्धे मराठी वाङ्मय येऊन बसले! कारखान्याने आपल्या मालात घातलेली इतकी अजब भर मला दुसरी माहीत नाही.

पण अंथरुणावर पडल्या पडल्या मला वेगळेच दिसू लागले. कडब्याचे यंत्र घेणारा शेतकरी तोच नांगर घेणारा होता, पंपही त्यालाच हवा होता. ओतकामाची भट्टी तीच. गिऱ्हाईक जुने आणि हात जुने, वस्तू तेवढी नवी. दांडेकरांच्या कॅम्लिनचेही तसेच. 1931 साली शाईपासून सुरुवात झाली. पुढे रंग, पेन्सिली, कंपासपेट्या आल्या, तरी दप्तर तेच होते. बॉलपेनाने दौतीचे राज्य घालवले तेव्हा शाईवरच बसून राहिलेल्या दुकानाचे काय झाले असते ते सांगायला नको. भाच्याच्या फाइलीत कोडॅकचे उदाहरण होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत 1975 साली डिजिटल कॅमेरा तयार झाला, पण फिल्मच्या धंद्याला धक्का लागेल म्हणून त्यांनी तो मनापासून वाढवला नाही, आणि 2012 साली दिवाळे काढले. म्हणजे जोड न देणाऱ्याचेही खरे नाही.

मग आमच्या मोदकाच्या पिठात मला खुपते आहे तरी काय? पहाटे पहाटे उत्तर मिळाले. तांदळाचा दाणा दिसतो. गिऱ्हाईक मूठ भरून घेते, हुंगते, दोन दाणे दाताखाली धरते. पीठ दिसत नाही. पीठ विश्वासावर घ्यावे लागते. आईच्या नावावर आजवर जे विकले ते डोळ्यांना पारखता येण्याजोगे होते. आता तेच नाव पारखता न येणाऱ्या वस्तूवर लागणार होते.

सकाळी दादाबरोबर धरणाच्या भिंतीपर्यंत फिरायला गेले. धुके होते. त्याला हे सांगितले तर तो बराच वेळ बोलला नाही. मग धुराड्याच्या दिशेने बोट करून म्हणाला, “साखरेच्या धंद्याचं बघ. माझा पोरगा सांगतो ते सगळं तिथं झालंय.”

ते खरेच आहे. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा कारखाना म्हणजे साखर, एवढेच समीकरण होते. पुढे महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी मळीपासून मद्यार्क काढला, चिपाडे जाळून वीज केली, आणि अलीकडे इथेनॉल. 2014 च्या सुमारास पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल मिसळत असत, ते 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेले. साखर गोदामात महिनोन् महिने पडून राहते आणि तिच्यावर व्याज चढते; इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात. म्हणून कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभ्या केल्या. आणि 7 डिसेंबर 2023 ला केंद्राचा हुकूम आला की, यंदा उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही, साखर कमी पडेल. गळीत हंगाम ऐन भरात! आठ-दहा दिवसांत थोडी सूट मिळाली, 17 लाख टन साखरेइतक्या उसाची मर्यादा घालून. पुढल्या हंगामासाठी बंदी उठली. पण तोवर कर्जाचे हप्ते काही थांबले नव्हते.

“मग तुझं मत काय?” मी विचारले.

“माझं मत असं की, पोरगा बरोबर आहे आणि मला भीती वाटते,” दादा म्हणाला. इतके प्रामाणिक वाक्य मी विद्यापीठाच्या कुठल्याही बैठकीत ऐकलेले नाही.

घरी परतलो तर स्वयंपाकघरात उकड चालली होती. भाच्याने नमुन्याची दोन किलोंची पाकिटे करून आणली होती, आणि आत्याला मोदक खाऊ घालून सही घ्यावी असा त्याचा बेत होता. वहिनी परात घेऊन बसली होती. तिने पारी करायला घेतली, तिसऱ्याच कळीला ती फाटली. दुसरी घेतली, तीही भेगाळली. तिने हाताला तूप लावले, पाण्याचा हबका मारला, पुन्हा मळले. व्यर्थ.

“आई, तू नीट मळली नाहीस,” भाचा म्हणाला.

वहिनीने परात बाजूला सारली. माझ्या आठवणीत ती या घरात मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशीही मोठ्याने बोलली नाही. “वन्सं, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली, “ही कणी कुणाची? गिरणीत आपला भात येतो तसा गावाचाही भरडायला येतो. कुणाची इंद्रायणी, कुणाचा कोलम, कुणाचा दोन वर्षांचा जुना. चाळणीखाली सगळ्यांची कणी एक होते. मोदकाला चिकट तांदूळ लागतो, तोही एका जातीचा. धुऊन, सावलीत वाळवून, मग दळायचा. ह्यानं न धुता दळलंय. आणि पाकिटावर काय लिहिलंय बघा.”

पाकिटावर लिहिले होते, ‘अस्सल आंबेमोहर’.

खोली गप्प झाली. वाचकहो, आंबेमोहराची गोष्ट आमच्या भागात नाजूक असते. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणून ते नाव. पण झाड उंच, वाऱ्याने लोळते, उतारा कमी. म्हणून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांचा संकर करून 1987 साली इंद्रायणी दिली. वास थोडा राखला, उतारा पुष्कळ वाढवला. जुन्या मालाला नवी जोड कशी द्यावी याचा हा आमच्या दाराशी असलेला धडा. आणि त्यांनी नव्या वाणाला नवे नाव दिले, जुन्याच्या नावावर खपवले नाही. बाजाराने मात्र तेवढा सोवळेपणा पाळला नाही. आंबेमोहर म्हणून पुण्यात जे विकले जाते ते सगळे आंबेमोहर असते, तर मुळशी-मावळात घरे बांधायला जागाच उरली नसती, सगळी खाचरेच लागली असती.

भाच्याचा चेहरा उतरला. मुलगा लबाड नाही. पाकीट त्याने कुणा चित्रकाराकडून करून घेतले होते आणि त्या चित्रकाराने इतरांच्या पाकिटांवर असते तेच छापले होते. “सगळे लिहितात, आत्या,” एवढेच तो म्हणाला.

आमच्या ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. “हे पीठ वर्षातून किती दिवस खपतं?” गणपतीचे दहा दिवस, त्यातही पहिला दिवस आणि आदला. शिवाय संकष्ट्या, एखादी अंगारकी. “आणि उरलेलं?” तांदळाच्या पिठाला पावसाळी हवेत टोके पडायला वेळ लागत नाही. उरलेला तांदूळ पुढच्या वर्षी ‘जुना’ म्हणून खपतो, जुन्या पिठाला कोण विचारणार? फाइलीत महिन्याचा खप सरासरीने धरला होता, बाराही महिने सारखा. मोदक बाराही महिने सारखे खाणारे घर माझ्या पाहण्यात नाही. असते तर मी तिथेच राहायला गेले असते.

मी कागद परत दिला. रागाने नव्हे. म्हटले, “सही करणार नाही असं नाही. पण आधी माझ्या दोन गोष्टी करा. एक हंगाम यंत्रं न घेता काढून दाखवा. दळण दुसऱ्याच्या चक्कीवर, चक्की धुऊन-पुसून. तांदूळ आपला, अख्खा, आणि जो असेल त्याच जातीच्या नावानं.”

“कणीचं काय?” भाचा.

“कणी विकत होता तशी विका. ज्या कणीसाठी एवढा खटाटोप केला, तीच मोदक फोडते आहे.”

“आणि दुसरी गोष्ट?”

दुसरी गोष्ट बोलायला मला जरा धीर करावा लागला. दादाच्या धंद्याचे आता भागीदारीचे कागद झाले होते. भागीदार दोघे, बाप आणि लेक. मी म्हटले, “हे पीठ ज्यांना कळतं त्या ह्या घरात एकट्या वहिनी आहेत. तांदूळ मालाला गिरणी पुरत होती, पिठाला वहिनी लागणार. त्यांचं नाव भागीदारांत घाला. त्यांची सही होईल त्या दिवशी गहाणखतावर माझी होईल.”

दादाने आडकित्ता खाली ठेवला. वहिनी परातीतली ती फुटकी उकड गोळा करीत होती, तिने मान वर केली नाही. “कशाला उगीच, वन्सं,” असे काहीतरी ती पुटपुटली. भाचा आईकडे पाहत राहिला. आपण हिला फुकटची कारागीर धरून 22 लाखांचा हिशेब मांडला होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले असावे. मजुरीच्या रकान्यात त्याने दोन मुलींचा पगार धरला होता; पीठ कसे असावे हे ठरवणाऱ्या माणसाला रकानाच नव्हता.

त्यानंतरचे थोडक्यात सांगते. सुगी झाली, आंबेमोहर वेगळा काढून ठेवला. थोडाच होता. आषाढात वहिनीने धुऊन, ओसरीवर पंख्याखाली वाळवून, गावातल्या चक्कीवर पहाटे पहिले दळण धरून तीन प्रकार करून पाहिले. नुसता आंबेमोहर, नुसती इंद्रायणी आणि दोन्हींचे मिश्रण. मिश्रणाचा मोदक सर्वांत देखणा झाला. भाच्याने पाकिटावर ‘इंद्रायणी व आंबेमोहर’ असेच छापले, कुठल्या तांदळाचे किती तेही, आणि दळल्याची तारीख मोठ्या अक्षरांत. अन्न परवान्याचा क्रमांक होताच. गणपतीला 400 पाकिटे केली. 360 गेली. उरलेल्या 40 ची वहिनीने बाजारात रवानगी करू दिली नाही, घावने करून गिरणीवरच्या माणसांना खाऊ घातली.

माझ्या कॉलेजातल्या चार जणींनी ते पीठ नेले होते. एकीने तक्रार केली की, पाण्याचे प्रमाण पाकिटावर नाही. मी ती वहिनीला कळवली. वहिनी म्हणाली, “वाटीला वाटी, हे काय लिहायचं?” मग विचार करून म्हणाली, “लिहायला पाहिजे. ज्यांना येतं त्या पीठ विकत कशाला घेतील?” पुढल्या छपाईत ते येणार आहे. मजकूर तपासायला माझ्याकडे आला होता. ‘चिमूट’ शब्दातली वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून पाठवली.

यंत्रांचा खर्च भाच्याने 22 लाखांवरून 9 लाखांवर आणला आहे. मोठी शेड रद्द. भागीदारीचा नवा करार गेल्या महिन्यात झाला. वहिनीने सही करायच्या आधी तो मला फोनवर पूर्ण वाचून दाखवायला लावला आणि ‘अन्वये’ म्हणजे काय ते विचारले. गहाणखतही आता लहान झाले आहे. सगळी जमीन नाही, ओढ्याकाठचे एकच खाचर. ती निळी फाइल या भाऊबीजेला माझी वाट पाहते आहे. आमचे हे अजून चष्मा पुसतात, पण पूर्वीइतका वेळ नाही.

परवा रात्री वहिनीचा फोन आला. मला वाटले, कधी येताय म्हणून विचारायला असेल. तर म्हणाली, “वन्सं, चकलीच्या भाजणीचं मनात आलंय. पण ह्या दोघांना अजून बोलले नाही. तुम्ही आलात की आधी आपण दोघी करून बघू. येताना पुण्याहून चांगले धने आणा, अर्धा किलो.”